टिंगटाँगबाईंचा गळा

शहराच्या मुख्य बसस्थानकात वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती. कपाटाएवढीच म्हणा ना. आत एक खुर्ची, एक मायक्रोफोन, गाड्यांच्या वेळा दाखवणारा पडदा आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलणारा एक पंखा. या खोलीत बसून ती बाई वीसेक वर्षं लोकांना सांगत आली होती, की कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली आणि कुणाची छत्री चौकशीच्या खिडकीत येऊन पडली आहे. घोषणेआधी 'टिंग-टाँग' असा सूर वाजायचा, म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी तिचं नाव टिंगटाँगबाई ठेवलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. उलट कुणी नुसतं 'बाई' म्हणालं, तर काही बिनसलं की काय, असं तिला वाटायचं.

तिचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, आवाज मात्र सगळ्या शहराच्या ओळखीचा. बाजारात 'अर्धा किलो द्या' म्हटलं की शेजारचा माणूस चमकून बघायचा आणि हसायचा. दिवसभर बोलून घरी आली की ती जास्तच बोलायची. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला, पहाटे उठून जाणारा, मुलखाचा अबोल. 'हं', 'बरं' आणि 'वाढ' एवढ्या तीन शब्दांवर त्याचा संसार सुखात चालला होता.

घरातल्या वादावादीची कमतरता दोन माणसं भरून काढत. एक तिचा धाकटा भाऊ. तो आरोग्यविम्याच्या खाजगी कंपनीचा एजंट होता, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. दुसरी तिची नणंद. सरकारी इस्पितळात जन्मभर नर्स म्हणून राबून नुकतीच निवृत्त झालेली. ही दोघं रविवारी जेवायला एकत्र आली, की पहिला घास गिळायच्या आत ठिणगी पडायची. कारण त्या दिवसांत देशभर एकच विषय पेटला होता. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सरकारची एक आरोग्य योजना होती, मोठ्या ऑपरेशनचा खर्च सरकार द्यायचं. आता प्रश्न असा होता, की ही योजना सगळ्यांनाच लागू करायची, की सरकारनं त्यातून अंग काढून घेऊन ते काम विमा कंपन्यांवर सोपवायचं.

"सरकारनं हात घातला त्या गोष्टीचं मातेरं झालंच म्हणून समजा," भाऊ म्हणायचा. "रांगा, शिक्के, उद्या या. आणि पैसे कुणाचे? तुमचे-आमचेच."

"आणि तुमची कंपनी काय धर्मादाय आहे?" नणंद विचारायची. "माणूस धडधाकट असेपर्यंत हप्ते घेता. आजारी पडला की भिंग घेऊन बसता."

"वन्सं, आमटी घ्या," टिंगटाँगबाई मध्येच म्हणायची, आणि भावाच्याही ताटात पळीभर जास्त वाढायची. तिला दोघांचंही पटायचं. जे शेवटी बोललं असेल त्याचं जरा जास्त.

मग तिच्याच गळ्याला गाठ आली.

आधी वाटलं, सर्दी आहे. मग घोषणा करताना लांबलचक गावांची नावं अर्ध्यात तुटायला लागली. एका कंडक्टरनं तर विचारलंच, "टिंगटाँगबाई, स्पीकर बिघडलाय की तुम्ही?" नणंदेनं एका रविवारी तिची मान बोटांनी चाचपली आणि वाद तिथंच थांबवून म्हणाली, "वहिनी, उद्या माझ्याबरोबर चला." तपासण्या झाल्या. गाठ थायरॉइडची होती आणि चांगल्या जातीची नव्हती. लवकर काढली तर जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यातलं 'नाही' तिला ऐकू आलं ते घरी पोचल्यावर.

ती कंत्राटावर होती, म्हणजे नोकरीतून उपचाराचा खर्च मिळायचा प्रश्नच नव्हता. पण भावानं तिच्या नावे पॉलिसी काढून दिली होती आणि हप्ते ती नेमानं भरत आली होती. भाऊ छाती काढून म्हणाला, "ताई, तू फक्त बरी हो. बाकी माझ्यावर सोड." आणि चार दिवसांनी तोच भाऊ खाली मान घालून आला. कंपनीनं नकार दिला होता. पॉलिसी घेण्याआधी कधीतरी ती घसा बसला म्हणून एका डॉक्टरकडे गेली होती आणि त्यांनी 'मानेला किंचित सूज' असं लिहून ठेवलं होतं. तिला त्याची आठवणही नव्हती. कंपनीला मात्र होती.

त्याचा चेहरा बघून नणंदेनं तोंडाशी आलेला शब्द गिळला, हे टिंगटाँगबाईनं स्पष्ट पाहिलं, आणि त्या गिळलेल्या शब्दासाठी तिला पुढं कायम नणंदेचं कौतुक वाटत राहिलं.

उरली सरकारी योजना. नणंदेनं पदर खोचला. इस्पितळातली कुठली खिडकी कधी उघडते, कुठला साहेब जेवून आल्यावर बरा बोलतो, कुणाला 'दादा' म्हणायचं आणि कुणावर आवाज चढवायचा, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तरी मंजुरी एकदा परत आली. अजून एक तपासणी हवी म्हणे. ती तपासणी करायची यंत्रसामग्री बंद, दुरुस्तीवाला सुट्टीवर. दिवस जात होते, गाठ काही मंजुरीची वाट बघत थांबणार नव्हती. आता भाऊ शब्द गिळून बसला होता. फक्त एकदा राहवेना तेव्हा म्हणाला, "तुमचं सरकार," आणि एवढंच म्हणून थांबला.

"माझं एकटीचं नाही ते," नणंद म्हणाली. पण तिचेही डोळे भरले होते.

शेवटी मंजुरी आली. ऑपरेशन योजनेतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात होणार होतं. करणाऱ्या सर्जनबाई स्वतःचा मोठा दवाखाना चालवून आठवड्यातून दोनदा तिथं यायच्या. उंच, घाईत असलेल्या, बोलायला सडेतोड. त्यांनी टिंगटाँगबाईला समोर बसवलं. भाऊ आणि नणंद दोन बाजूंना.

"गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय," त्या म्हणाल्या. "नस वाचवून गाठ सोडवायची, हे नाजूक काम आहे. हत्यार नसेच्या जवळ गेलं की सूचना देणारं एक यंत्र असतं. ते इथं नाही. योजना त्याचे पैसे देत नाही, आणि पेशंटकडून वर काही घ्यायला मनाई आहे. मी माझ्या दवाखान्यातलं आणीन. म्हणजे भुर्दंड मला."

"डॉक्टर, उपकार होतील," टिंगटाँगबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"उपकार नकोत हो. मला राग येतो याचा. ज्या दरात हे सरकार ऑपरेशन करायला सांगतं, त्यात माझ्या भूल देणाऱ्या डॉक्टरांचंही भागत नाही. मी या योजनेच्या विरुद्ध आहे, हे सांगून ठेवते."

भाऊ खुर्चीत सरळ झाला. जन्मात इतक्या प्रेमानं त्यानं कुठल्या डॉक्टरकडे पाहिलं नसेल.

"पण योजना नसती," सर्जनबाई नणंदेकडे वळून म्हणाल्या, "तर तुमच्या वहिनी माझ्यापर्यंत पोचल्याच नसत्या, हेही मला कळतं. म्हणून तर डोकं उठतं. तुम्ही काय काम करता?" हा प्रश्न टिंगटाँगबाईला होता.

तिनं सांगितलं. सर्जनबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मुख्य बसस्थानक? कॉलेजला असताना रोज तिथून जायचे मी." मग पुन्हा घाईत आल्या. "सोमवारी सकाळी उपाशीपोटी या."

ऑपरेशन लांबलं, पण नीट झालं. गाठ निघाली. नस सहीसलामत होती, पण इतकी हाताळली गेली होती की जणू बेशुद्ध पडली होती. शुद्धीवर आल्यावर टिंगटाँगबाईनं पाणी मागायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. सर्जनबाईंनी बजावलं, "घाबरायचं नाही. आवाज येईल, पण आपण होऊन येईल. तोवर बोलणं बंद, आणि कुजबुजणं तर मुळीच नाही. त्यानं जास्त ताण पडतो. लिहून दाखवा."

नणंदेनं पाटी आणि खडू आणून दिला. आणि इथून त्या बाईच्या आयुष्यातला सर्वांत विचित्र काळ सुरू झाला. कारण डाव्या अंगाला भाऊ, उजव्या अंगाला नणंद, आता ती बरी आहे म्हटल्यावर दोघांची जीभ मोकळी झालेली, आणि मध्ये जिच्यावरून हा सगळा वाद ती बाई तोंडाला कुलूप लावून पडलेली!

"एक पैसा भरावा लागला का?" नणंद म्हणायची.

"आणि मंजुरीला लागले ते दिवस? तेवढ्यात गाठ नसेपर्यंत पोचली नसेल कशावरून?"

"आणि तुमच्या कंपनीच्या भरवशावर राहिलो असतो तर? अजून सुजेचाच शोध चालला असता."

"यंत्र डॉक्टरांनी घरचं आणलं म्हणून निभावलं. हे सरकारचं यश का?"

"इस्पितळ तरी कुणाच्या योजनेतलं?"

"ताई, तूच सांग!" "वहिनी, तुम्हीच सांगा!"

टिंगटाँगबाईनं पाटीवर लिहिलं, 'दोघंही बाहेर.'

शेजारच्या खाटेवर पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. त्या हसायला लागल्या आणि टाके दुखले म्हणून हसता हसता रडायला लागल्या. "राहू द्या हो त्यांना," त्या म्हणाल्या. "घरचा टीव्ही बघितल्यासारखं वाटतंय."

पण त्या गप्प दिवसांत तिनं बोलण्याच्या नादात आजवर निसटून गेलेल्या गोष्टी पाहिल्या. पहाटे फरशी पुसणारी बाई खाटेचं चाक करकरू नये म्हणून ती अलगद उचलून सरकवते. भूल देणारे डॉक्टर घरी जाताना वाट वाकडी करून तिच्याकडे डोकावून जातात. आणि रोज दुपारी भाऊ काही न सांगता गायब होतो. विमा विकायला जात असेल, असं तिला वाटलं. नणंदेनं एक दिवस छडा लावला. तो स्वतःच्याच कंपनीच्या कचेरीत जाऊन बसत होता. साहेबापुढं रोज तेच म्हणणं: घसा बसणं म्हणजेच थायरॉइडची गाठ, असं तुमच्याच डॉक्टरांकडून लिहून आणा, नाहीतर दावा मंजूर करा. तोवर मी एकही नवी पॉलिसी विकत नाही. साहेब म्हणाला, तुझं नुकसान होईल. तो म्हणाला, होऊ द्या.

कंपनी अखेर नमली. ऑपरेशन सरकारकडून झालं होतं, पण आधीच्या तपासण्या, नंतरची औषधं आणि आवाजाचे उपचार, जे योजनेत बसत नव्हते, ते कंपनीनं दिले. त्या वर्षी चांगल्या एजंटांना कंपनीनं समुद्रकिनारी सहलीला नेलं. त्यात भावाला बोलावणं नव्हतं.

नणंदेला त्याच्या या धरण्याचा छडा लागला, त्या दुपारी ती डबा घेऊन आली आणि भावापुढं ठेवला. "जेवा आधी," ती म्हणाली. "भांडायला ताकद लागते." भावानं डबा उघडला. दोघांपैकी कुणीच त्या दिवशी योजनेचं नाव काढलं नाही. टिंगटाँगबाई पाटी पोटावर घेऊन दोघांकडे बघत होती. तिनं खडू खाली ठेवला आणि दोघांचेही हात धरून ठेवले.

घरी आल्यावर आणखी एक नवल घडलं. तिचा अबोल नवरा बोलायला लागला. घर इतकं शांत त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. बहुधा घाबरला असेल. पहिल्या दिवशी त्यानं भट्टीबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी मालकाबद्दल. मग एकदा म्हणाला, "अगं, लग्नाआधी मी तुला स्टँडवर ऐकलं होतं. गाडी लागली होती, तरी दुसरी घोषणा ऐकायला थांबलो. गाडी गेली." इतक्या वर्षांत त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. पाटीवर तिनं लिहिलं, 'मग आधी का नाही बोललात?' तो म्हणाला, "तू मध्ये थांबलीस कुठं?"

आणि तिला हसू फुटलं. नुसती हवा नव्हे, आवाजासकट. जाडाभरडा, घोगरा, पण आवाज. दोघंही दचकली. नवरा धावत जाऊन नणंदेला फोन करून आला आणि मग पुन्हा 'हं' आणि 'बरं' वर आला. पण रविवारी एखादी गोष्ट तो अजूनही सांगतो.

आवाज शिकवणाऱ्या मुलीकडे ती महिनोन् महिने जात राहिली. आरशापुढं 'आ' आणि 'ऊ' करताना गायीसारखं वाटायचं. आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. दोन पायऱ्या खालचा, थोडा दाणेदार. तिनं तो स्वीकारला. हातात आलेल्या वस्तूला नावं ठेवायची तिला सवय नव्हती.

तेवढ्यात योजनेचं काय करायचं ते ठरवायला सरकारनं एक समिती नेमली आणि समितीनं शहराच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं. नणंदेच्या नर्सेसच्या संघटनेला साक्षीदार हवा होता, तर भावाच्या एजंटांच्या संघटनेलाही. आणि दोघांनाही एकच बाई सुचली.

"वहिनी, फक्त एवढं सांगा की योजना नसती तर घर विकावं लागलं असतं. खरंच आहे ना?"

"ताई, फक्त मंजुरीचं सांग. आणि यंत्राचं. खोटं थोडंच आहे?"

दोन्ही खरं होतं, हीच तर पंचाईत होती. तिनं आठवडाभर काही ठरवलं नाही. मग म्हणाली, "मी येते. पण कुणाच्याच बाकावर बसणार नाही. मागं बसते, नाव पुकारलं की उठते."

सभागृह भरलं होतं. समितीतली मंडळी थकलेली, पण लक्ष देऊन ऐकणारी होती. सर्जनबाईही आल्या होत्या; दरांबद्दल तडकून बोलल्या आणि बसल्या. मग टिंगटाँगबाईचं नाव पुकारलं गेलं. जन्म मायक्रोफोनपुढं गेलेला, पण समोर माणसं बघून बोलायची सवय नव्हती. सुरुवातीलाच ती चुकून "प्रवाशांनी कृपया" म्हणून गेली आणि सभागृहात हशा पिकला. तीही हसली. त्यानं जरा सैल झालं.

"माझं ऑपरेशन सरकारनं केलं," ती म्हणाली. "नाहीतर घर गेलं असतं. मंजुरीला मात्र फार वेळ लागला, आणि त्या दिवसांत मी किती घाबरले ते मलाच माहीत. कंपनीनं आधी मला नाही म्हटलं, मग हो म्हटलं. डॉक्टरांनी पदरचं यंत्र आणलं आणि योजनेवर रागावतच माझा आवाज वाचवला. यातलं एकही नसतं तर मी आज इथं बोलत नसते. आता कुठलं बरोबर आणि कुठलं चूक, हे मला सांगता येत नाही. तुम्ही शिकलेली माणसं आहात, हिशेब तुम्ही करा." ती थांबली. समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायली. "पण एक सांगते. मंजुरी मिळाली, कारण माझी नणंद खिडकी सोडत नव्हती. कंपनी नमली, कारण माझा भाऊ तिथून उठत नव्हता. ज्याला अशी नणंद नाही, असा भाऊ नाही, त्याचं काय, एवढं बघा. बाकी तुम्हा सगळ्यांची मी आभारी आहे."

टाळ्या फार झाल्या नाहीत. दोन्ही बाकांवरची माणसं जरा हिरमुसलीच होती. समितीतल्या एका बाईंनी मात्र विचारलं, "मंजुरी परत का आली होती, ते जरा नीट सांगाल?" आणि नणंदेला पुढं बोलावून घेतलं. मग भावालाही, दाव्याचं विचारायला. दोघं एकाच मायक्रोफोनपुढं खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली बघून टिंगटाँगबाईनं मागच्या बाकावर डोळे टिपले.

निकाल बऱ्याच महिन्यांनी आला. योजना सगळ्यांना लागू झाली नाही आणि बंदही झाली नाही. दर थोडे वाढले, आवाजाची नस जपणारं यंत्र यादीत आलं, मंजुरी अडकली तर ठरलेल्या मुदतीत उत्तर देणं बंधनकारक झालं. भाऊ म्हणाला, आम्ही जिंकलो. नणंद म्हणाली, आम्ही. वाद मिटला नाही. पण आता कुणा शेजाऱ्याचा दावा नाकारला की नणंद भावाला फोन लावते, "अहो भिंगवाले, जरा बघा हे." आणि कुणाला इस्पितळाची खिडकी सापडत नसली की भाऊ तिला फोन लावतो.

टिंगटाँगबाई पुन्हा काचेच्या खोलीत बसायला लागली. पहिल्या दिवशी तिनं बराच वेळ खाली पाहिलं. बोचकी, पेट्या, कडेवरची पोरं, वर्तमानपत्राचा वारा घेणारे म्हातारे. सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा, हे भावानं जेवताना शंभरदा सांगितलं होतं. तो चिडून सांगायचा. तिला ते आज वेगळंच ऐकू आलं. खालच्या या गर्दीतल्या कुणी साबण घेताना, कुणी पगारातून, कुणी तिकिटातून आपल्या गळ्यासाठी काहीतरी दिलं होतं. त्यांना ते माहीत नव्हतं. खाली जाऊन एकेकाला गाठून आभार मानता येणार नव्हते. तिनं पुढ्यातली घोषणा नेहमीपेक्षा सावकाश वाचली, शेवटचं गाव दोनदा सांगितलं.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ जिना चढून धापा टाकत वर आले आणि त्यांनी काचेवर टकटक केलं. रोजचे प्रवासी असावेत.

"त्या आधीच्या बाई कुठं गेल्या हो?" त्यांनी विचारलं.

तिला खरं सांगावंसं वाटलं, पण ते इतके चढून आले होते. "सुट्टीवर होत्या," ती म्हणाली. "आता ठीक आहेत."

"बरं झालं. काळजी वाटली म्हणून आलो. तुमचाही आवाज वाईट नाही हं, सवय होईल," असं म्हणून ते कठडा धरून हळूहळू खाली उतरायला लागले. त्यांची गाडी सुटायला आली होती. तिनं खाली ड्रायव्हरला हात केला, की जरा थांब.